पाच काठ्यांचा पत्ता

धामणगाव बढ्यात सुचिताचं ब्यूटी पार्लर एका खोलीचं. पण निम्म्या गावाची भांडणं तिथे भुवया कोरता कोरता कानावर यायची. मागल्या वर्षी तिने मोबाइलवरून टॅरोचे पत्ते मागवले आणि व्हिडिओ बघून बघून दोन महिन्यांत भविष्य सांगायला लागली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. खरी गंमत अशी, की बायकांच्या घरची खबर तिला आधीच असायची, म्हणून पत्ता कुठलाही निघो, हिचं सांगणं बरोबर यायचं. बायका तोंडात बोटं घालायच्या.

वैशाखात कोकिळाकाकू आली. तिच्या काजलचं लग्न आठ दिवसांवर होतं. आणि सख्ख्या मोठ्या जावेशी, सोजराबाईशी, दोन वर्षं अबोला. कारण काय, तर सोजराबाईच्या पोराच्या लग्नात हिला मिळालेलं मानाचं पातळ विरविरीत निघालं. आता काजलच्या मांडवाला हिरवे डहाळे आणायचा मान मोठ्या दिराचा. पण घरी जाऊन, कुंकू लावून बोलावल्याशिवाय ती माणसं यायची नाहीत. बोलवायला जाऊ की नको, एवढंच काकूला पत्त्यांना विचारायचं होतं.

पत्ता निघाला पाच काठ्यांचा. पाच पोरं, प्रत्येकाच्या हातात उंच काठी, काठ्या एकमेकींत अडकलेल्या. काकूने चष्मा वर सरकवून पाहिलं.

"हे तं मांडव घालून राह्यले वाटते," ती म्हणाली.

पत्त्यांसोबतच्या पुस्तकाचं मोबाइलने जे मोडकंतोडकं मराठी करून दिलं होतं, त्यात जवळजवळ तसंच होतं. भांडण आहे, पण कुणाला मार लागलेला नाही. जो तो आपलंच खरं करतोय. एकाने काठी खाली घेतली तर काम उभं राहील. सुचिताच्या ओठांवर ते आलंही होतं. पण मध्येच तिला सोजराबाई आठवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवात ती चारचौघींत म्हणाली होती, की सुचिताच्या ब्लीचने माझा गाल भाजला. एका शेजारणीने ते सुचितापर्यंत आणून पोचवलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या मनात सलत होतं.

"मांडव कुठचा, काकू? काठ्या हायेत त्या," ती म्हणाली. "त्यांले बोलावलं तं भर मांडवात काठ्या निघतीन."

काकू मान हलवून उठून गेली. त्या दिवशी सुचिताला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्याचीच.

मांडवाच्या दिवशी सकाळी ती मेंदीचे कोन घेऊन काजलकडे गेली. अंगणात पाच गडी पाच बांबू उभे करत होते. बांबू एकमेकांत अडकले होते. जो तो म्हणे, तू सोड, मी धरतो. हुबेहूब पत्त्यावरचं चित्र. आणि बाजूला काजलचा बाप भाऊराव डहाळे बांधत होता. आपल्याच पोरीच्या मांडवाचे डहाळे त्याने स्वतःच तोडून आणले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड न दाखवता खाली मान घालून तो गाठी मारत होता.

सुचिताला तिथे उभं राहवेना. मेंदीचे कोन तसेच बाजूला ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. काकू हळदीच्या वाट्या भरत होती.

"काकू, पत्ता तसा नोता. तुमी बोल्ल्या तेच बरोबर होतं. सोजराकाकूचा राग होता मले, म्हून मी तसं सांगतलं."

आता काकू फाडून खाईल असं तिला वाटलं. काकूने हातातली वाटी फक्त खाली ठेवली.

"मलेबी तेच आयकाचं होतं, पोरी," ती म्हणाली. "म्हून तं मी पत्त्यांले इचारलं."

मग तिने कुंकवाचा करंडा घेतला आणि सुचिताला म्हणाली, चल माझ्यासोबत.

सोजराबाईचं घर दोन गल्ल्या सोडून. अंगणात जांभळाच्या नि उंबराच्या डहाळ्यांची मोळी पाण्याच्या घमेल्यात उभी केलेली, वरून ओलं पोतं. पहाटेच तोडून ठेवली होती. मोठे दीर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाजेवर बसले होते. बोलावणं नव्हतं, तरी बसले होते.

काकूने जावेला कुंकू लावलं.

"बाई, माहं चुकलं," ती म्हणाली.

आता आपलं नाव निघेल म्हणून सुचिता अंग चोरून उभी होती. नाव निघालंच नाही. काकूने सगळं आपल्या पदरात घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या खाणं सुचिताला परवडलं असतं.

सोजराबाईने डोळे पुसले, चहा टाकला, आणि पहिला कप सुचिताच्या हातात दिला.

"ब्लीचचं मी बोल्ली होती बरं," ती म्हणाली. "गाल जळलाच होता. पण तवाच म्हटलं होतं, मेंदीले हिच्यासारखा हात गावात नाही, काजलची मेंदी हिच्याकडूनच काढा. तेवढं मातर कोनं सांगतलं नसन तुले."

सुचिताची मान वर होईना.

"सांगतलं होतं, काकू," ती म्हणाली.

शेजारणीने दोन्ही सांगितलं होतं. सुचितानेच त्यातलं ब्लीचचं तेवढं ठेवून घेतलं होतं.