अंगठ्याचं हाड आणि मनातला किंतु

घरातल्या बाईचा पाय दुखतो, ही काही बातमी नव्हे. बाम चोळायचा, गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं आणि सकाळी पुन्हा उभं राहायचं, अशीच आपल्याकडची रीत. झाशीच्या नगरा भागात राहणाऱ्या उषाताईंनी ही रीत बरीच वर्षं पाळली.

उषाताई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं आणि घरी आल्यावर ओट्यासमोर. उजव्या पायाचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर रेलला आणि त्याच्या मुळाशी हाडाचं टेंगूळ बाहेर आलं. चपलेचा पट्टा नेमका तिथंच घासे. रुंद चपला घेऊन झाल्या, कापसाच्या घड्या ठेवून झाल्या. शेवटी घरात अनवाणी चालणंही नकोसं झालं, तेव्हा त्या छावणीकडच्या रस्त्यावर दवाखाना असलेल्या हाडांच्या डॉक्टर अंबिकाताईंकडे गेल्या. बरोबर यजमान दिवाकरराव होते.

दिवाकरराव रेल्वेत तिकीट तपासनीस. समोरचा माणूस खोटंच बोलतोय असं धरून चालायचं, ही त्यांची नोकरी. कुणी आजारी म्हणून डोळे मिटून पडला, तर हे त्याच्या पापण्यांकडे टक लावून बघणार! ही सवय इमानाने ते घरीही घेऊन येत.

"याला बनियन म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या.

"बनियन? म्हणजे आपण सदऱ्याच्या आत घालतो तो?" दिवाकररावांनी विचारलं.

उषाताई खुदकन हसल्या. दिवाकरराव मात्र हसले नाहीत. नावातच काहीतरी गोम आहे असं त्यांना वाटलं.

अंबिकाताई झाशीच्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढलं. "नुसतं टेंगूळ तासून भागत नाही. हाड कापून सरळ करायचं आणि बारीक स्क्रूने बसवायचं. पहिले काही दिवस दुखेल, तेव्हा पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा. कडक तळव्याचा खास बूट घालून टाचेवर भार देत जेवढ्यास तेवढं चालायचं. दोनेक आठवड्यांनी टाके निघतील, पण हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात. आणि सूज? ती तर कितीतरी महिने रेंगाळते. घाबरायचं नाही. मात्र जखम लाल झाली, पू आला, ताप चढला किंवा पोटरी दुखून सुजली, तर तडक यायचं."

"एवढं करून अंगठा कायमचा सरळ होईल ना?"

"बहुतेक होईल. कधीकधी पुन्हा थोडा कलतो."

"म्हणजे खात्री नाही!"

"दिवाकरजी, खात्री देणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्यावर जरूर संशय घ्या," अंबिकाताई शांतपणे म्हणाल्या. "पाय सुंदर दिसावा म्हणून मी कुणाला कापत नाही. पण यांचं चालणंच बंद होत आलंय."

दिवाकररावांचं समाधान झालं नाही. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. तेही तेच म्हणाले. मग दोघे आतून मिळालेले असतील, असं त्यांच्या मनात आलं! पण उषाताईंनी ठरवलंच होतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि शस्त्रक्रिया झाली.

पहिले दिवस दिवाकरराव खरोखर चांगले वागले. चहा करत, गोळ्या वेळेवर देत, खानावळीतून डबा आणत. उषाताईंच्या चेहऱ्यावरची कळ त्यांना दिसत होती. पुढे टाके निघाले, जखम कोरडी पडली आणि त्यांच्या मनातला किंतु डोकं वर काढू लागला. आता तर काही दिसत नाही, मग ही अजून पाय उशीवर ठेवून का बसते?

त्यात स्टेशनवर सोबतीचे तपासनीस जयसिंग भेटले. "दिवाकर भैया," ते पान जमवत म्हणाले, "औरत को एक बार पलंग की आदत लग जाए ना, तो चूल्हा बहुत दूर लगने लगता है."

एवढी ठिणगी पुरे झाली. दिवाकरराव घरी आले ते तोंड वाकडं करूनच. "टाके निघाले, जखम सुकली. आता दुखायला उरलंय काय?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, आतलं हाड अजून..."

"आतलं कुणाला दिसतं?"

उषाताईंनी मान खाली घातली. त्याचाही दिवाकररावांनी आपल्या परीने अर्थ लावला.

नंतर घरात एकेक खुणा दिसू लागल्या. वरच्या फळीवरचा डाळीचा डबा खाली आलेला. न्हाणीघरातले कपडे धुऊन वाळत पडलेले. खास बूट मात्र पलंगाखाली, ते सकाळी ठेवून गेले तसाच! विचारलं, तर उषाताई म्हणाल्या, शेजारणीने मदत केली. दिवाकररावांनी जाता जाता शेजारणीला हटकलं. ती तर आठवडाभर माहेरी होती, कालच परतली होती.

झालं! चोर सापडला. नवऱ्यासमोर लंगडायचं आणि पाठ फिरली की घरभर हिंडायचं! रंगेहाथ पकडल्याशिवाय त्यांना चैन पडेना. भोपाळच्या गाडीवर ड्यूटी आहे असं खोटंच सांगून ते सकाळी निघाले, बाजारात वेळ काढला आणि दुपारी दबक्या पावलांनी परतले. आपल्याच घराचं दार त्यांनी चोरासारखं लोटलं.

उषाताई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. अनवाणी. एका हाताने ओटा घट्ट धरून दुसऱ्या हाताने त्या पोळ्या लाटत होत्या.

"वा!" दिवाकरराव गरजले. "पकडलं की नाही? आता बोला!"

उषाताई दचकून वळल्या आणि तोल जाऊन भिंतीला टेकल्या. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता, खालचा ओठ दातांखाली होता. दिवाकररावांची नजर खाली गेली. पाय नुकत्याच फुगलेल्या पुरीसारखा टम्म दिसत होता, लालबुंद, आणि अंगठा पुन्हा तिरपा झाला होता.

"हो, पकडलंत," उषाताई धापा टाकत म्हणाल्या. "मी चालते. तुम्ही नसताना चालते. तुमच्यासमोर बसले तर म्हणता नाटक, आणि तुमच्यासमोर उठले असते तर म्हणाला असतात, बघा, येतं की चालता! मग मी करायचं तरी काय? कामं उरकून ठेवली, तर निदान टोमणे थांबतील, असं वाटलं मला."

अरेरे! पुरावे सगळे खरे होते. निकाल मात्र साफ चुकला होता!

त्यांनी पोळपाट बाजूला सारला, उषाताईंना आधार देऊन रिक्षात बसवलं आणि दवाखाना गाठला. एक्स-रे निघाला. हाड जागचं थोडं सरकलं होतं. प्लॅस्टर घालावं लागणार होतं आणि विश्रांतीचे आठवडे वाढणार होते.

"मी सगळं समजावून सांगितलं होतं," अंबिकाताई म्हणाल्या.

"माझाच दोष," दिवाकरराव पुटपुटले. "मला विश्वास वाटला नाही."

"माझ्यावर वाटला नाही, त्यात काही वाईट नाही. तुम्ही प्रश्न विचारलेत, दुसरं मत घेतलंत, हे प्रत्येकाने करावं. आमच्या धंद्यातही लबाड माणसं आहेत. पण डॉक्टरची तपासणी करणं वेगळं आणि दुखणाऱ्या माणसाकडे दुखण्याचा दाखला मागणं वेगळं! जखम वरून सुकते, भैया, हाड आत सावकाश जुळत असतं. ते तुम्हाला दिसणार नाही. तिथं यांच्या शब्दावरच विसंबायला हवं. इतकी वर्षं संसार केलात, तेवढा भरवसा कमावला नाही का यांनी?"

दिवाकररावांचे डोळे भरून आले. प्लॅस्टर घालून झाल्यावर त्यांनी उषाताईंचा हात हातात घेतला. "चुकलो मी. आता मी घरी नसलो तरी तू उठायचं नाहीस. कुणी काही बोललं, तर माझ्याशी गाठ आहे."

"बोलणारे तुम्हीच होतात," उषाताई म्हणाल्या. त्यांचा राग एका दिवसात गेला नाही, आणि का जावा?

दिवाकररावांनी रजा टाकली. कुकर लावायला शिकले, भात करपवला, पुन्हा लावला. जयसिंग समाचाराला आले आणि हसत म्हणाले, "क्या भैया, बेलन भी तुम्हीं चला रहे हो?"

"पैर इनका टूटा था, अकल मेरी," दिवाकरराव कणीक मळता मळता उत्तरले. "बैठो, चाय बनाता हूँ."

दिवाळीनंतर उषाताई रुंद बूट घालून पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. फळ्याजवळ आता त्यांच्यासाठी खुर्ची होती. ती दिवाकररावांनी स्वतः मुख्याध्यापिकांकडे जाऊन मागितली होती. अंगठा थोडा तिरपाच राहिला, सूजही काही दिवस येत-जात राहिली. पण चालताना ती जुनी कळ उरली नव्हती.

मंडळी, शस्त्रक्रिया डॉक्टर दवाखान्यात करतो, पण हाड जुळतं ते घरात. तेव्हा डॉक्टरला हवे तेवढे प्रश्न विचारा, निःसंकोच विचारा. मात्र घरातली बाई "दुखतंय" म्हणाली, तर पुरावा मागत बसू नका. आधी तिच्या पायाखाली उशी ठेवा!