मानेवरची रेघ

बसमध्ये एका जागी बसणं मला जमत नाही. मी जातीचा न्हावी, दिवसभर खुर्चीभोवती फिरणारा. लोक बसतात, मी उभा असतो. त्यात आईला आणायला ताईकडे निघालेलो, म्हणजे जीव आधीच टांगणीला. आई कुठेही असो, एकच विचारते, "थोरल्याचं काही कळलं का?" थोरला म्हणजे माझा दादा. पंचवीसेक वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. आता आईला धड दिसत नाही, दोन पावलांत दम लागतो, पण दार वाजलं की मान वळते. परवा ताई फोनवर म्हणाली, "ती आता फार दिवसांची नाही रे. तिला काहीतरी सांगून टाक. खोटं का होईना." काय सांगू, कपाळ?

तिसऱ्यांदा जागा बदलली तेव्हा कंडक्टर खेकसला, "काका, कुठेतरी बूड टेका की! बस काय तुम्हाला फेऱ्या मारायला काढलीय?"

समोर आली त्या सीटवर बसलो. पुढे एक तिशीतला माणूस होता, मांडीवर हत्यारांची पेटी. मला तोंडं लक्षात राहत नाहीत. गिऱ्हाईक रस्त्यात हसलं तर मी ओशाळतो. तेच पाठमोरं झालं की अख्खं खानदान सांगतो. सवयीने नजर त्याच्या मानेवर गेली आणि काळजात धस्स झालं. केसांची खालची रेघ सरळ होती.

सरळ म्हणजे, मला सरळ दिसली. हे जरा सांगावं लागेल. आमच्या बाबांची मान लहानपणी पडल्यामुळे एका बाजूला कललेली होती. त्यांना जे सरळ दिसे ते बाकीच्या जगाला उजवीकडे उतरलेलं. आम्ही दोघं भाऊ त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलो, म्हणजे मान वाकडी करूनच शिकलो. तेव्हापासून जगात कुणीही कापलेली मान मला वाकडी दिसते, आमच्या दुकानातली सोडून. गिऱ्हाइकं जुनी, कुणी बोललं नाही. बोलला दादा, आणि तोही भरल्या दुकानात. "बाबा, आपण सगळ्यांच्या माना वाकड्या करतोय." बाबांनी चारचौघांत त्याची बिनपाण्याने केली. सरळ कापायची एवढी हौस असेल तर स्वतःचं दुकान काढ, म्हणाले. दादाने वस्तरा पुसून ठेवला आणि पायरी उतरला.

एखाद्या धांदरटाच्या हातूनही रेघ उतरेल, मी मनाला बजावलं. पण उजव्या कानामागे वस्तऱ्याचा बारीकसा आकडा होता, वर वळवून सोडलेला. तो बाबांचा हात. बाबा कधीच गेले, आणि ही मान माझ्या हाताखालून गेलेली नव्हती. आणि केस फार तर आठवड्याचे वाढलेले. म्हणजे आठवड्यापूर्वी दादा कुठेतरी उभा राहून कापत होता. दादा जिवंत होता!

मला घाम फुटला. हा पुढच्या थांब्यावर उतरला तर? विचारू कसं? विचार करेपर्यंत माझं बोट त्याच्या मानेवर टेकलंसुद्धा. तो दचकून वळला.

"काय करताय हो?"

"मुंगी होती."

त्याने मान चोळली. "गेली?"

"गेली. केस छान कापलेत. कुठे कापता?"

"घरीच," तो मला खालीवर न्याहाळत म्हणाला. "बायको कापते."

बायको! हातातोंडाशी आलेलं कुणी हिसकावून घ्यावं तसं झालं. "तिला कुणी शिकवलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुम्ही पोलीस आहात का?"

"न्हावी आहे."

तेव्हा तो हसला. "मग बरोबर. तिच्या वडिलांनी शिकवलं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये मागे उभे असलेले लोक हसतात, तुमची मान उताराला लागली म्हणून. बायकोला सांगतो, सरळ काप. ऐकेल तर शपथ! बाबांनी अशीच शिकवली, म्हणते."

"आहेत कुठे ते?"

"गेले. मागच्या थंडीत. झोपेतच."

खिडकीबाहेर घरं पळत होती. मी उठलो, परत बसलो. घटकाभर जिवंत झाला आणि गेला, असं कुणाचं होतं का? तरी एक वेडी आशा उरली होती, हा दुसराच कुणी असेल.

"त्यांच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती?"

लिफ्टवाला आता सबंध वळला. "हो. लहानपणी कुत्रं चावलं होतं म्हणायचे. तुम्ही ओळखायचात त्यांना? त्यांना तर कुणीच नव्हतं म्हणे. आई नाही, भाऊ नाही."

मला मेलेल्या माणसाचा संताप आला. ती म्हातारी तिकडे दाराला कान लावून बसलीय, आणि हा बेटा 'कुणी नाही' म्हणून मोकळा! ज्या वाकड्या रेघेवरून घर सोडलं, तीच जन्मभर ओढत राहिला, वर लेकीच्या हातात देऊन गेला, पण आमचं नाव काढलं नाही.

"ते कुत्रं म्हणजे मी," मी म्हणालो. "आम्ही एकमेकांच्या डोक्यांवर शिकलो. माझी कात्री घसरली होती. तो माझा सख्खा भाऊ. आई आहे अजून."

त्याने मांडीवरची पेटी खाली ठेवली. मग त्याने फोन लावला, तोंडावर हात धरून हळूहळू बोलला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आजी खरंच आहे?" पलीकडून पोरीचा आवाज आला.

"आहे. तुझ्या बाबांची वाट बघतेय."

ती रडायला लागली. मग नाक ओढून म्हणाली, "तिला तुम्ही काही सांगू नका. मी येते. मी सांगेन."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, तेवढ्यात तिचा आवाज चढला. अगदी आमच्या घरचा राग.

"पण काका, इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

हा प्रश्न माझा होता. दादा भेटला की त्याची गचांडी धरून विचारायचा म्हणून मी तो पंचवीस वर्षं घोकला होता.

"दुकानात होतो गं," मी म्हणालो. "रोज तिथेच होतो."