हातात बसेल असा कॅमेरा

"मॅडम, तब्येत बरी आहे ना? पाणी मागवू?"

काउंटरपलीकडचा टायवाला विक्रेता अर्धवट उठला होता. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर कमी आणि माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावर जास्त होती.

"ठणठणीत आहे मी. बसा तुम्ही," असं म्हणून मी उजवा हात आणखी हलवला आणि बटण दाबलं.

मी हात मुद्दामच हलवत होते, आणि तोही मोजून. सेकंदाला पाच-सहा हेलकावे, मनगटापासून पुढे. आमच्या ह्यांचा हात असाच हलतो. सव्वा वर्ष रोज सकाळी चहाच्या वेळी समोर बसून पाहते आहे, त्यामुळे तो हात मला तोंडपाठ झाला आहे. दुकानातल्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. त्याच्या आकड्यांवर नेम धरून मी एकेका कॅमेऱ्याने दहा-दहा फोटो काढत होते आणि पडद्यावर मोठे करून कडा तपासत होते.

कडा तपासायला मला कुणी शिकवायला नको. तेहतीस वर्षं मी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढले. हाडाची कड पाहिली की पेशंट हलला होता की नाही, हे मी डॉक्टरांच्या आधी सांगायचे. डॉक्टर म्हणायचे, "चालेल हो, दिसतंय फ्रॅक्चर." मी म्हणायचे, "तुम्हाला चालेल, मला नाही चालणार," आणि पुन्हा काढायचे. इस्पितळात मला खडूस म्हणत. म्हणेनात का! माझ्या हातचा एक्स-रे कुणी परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

हे जलखात्यात नकाशे काढायचे. कागदावर पेन टेकवलं की नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात उतरवायचे, मध्ये हात उचलायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडायचे ते जेवायलाच घरी. पक्षी, डोंगर असलं काही नाही; माणसं. रस्त्यावर काम करणारी माणसं. न्हावी, गवंडी, वजनकाट्यावरची बाई. असे फोटो काढायचे की त्या माणसाला स्वतःच्याच कामाचा रुबाब वाटावा.

सव्वा वर्षापूर्वी एका जुन्या सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांनी चाळीस फोटो काढले आणि चाळीसच्या चाळीस हलले. घरी आल्यावर म्हणाले, "कॅमेरा बिघडलाय." कॅमेरा आणि त्याच्या तिन्ही लेन्स कपाटात गेल्या. मग डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, त्या दुखण्याला नावही मिळालं. पण आमच्या घरात हात कधी बिघडला नाही. बिघडला तो कॅमेराच. मीही तेच म्हणत राहिले. त्या दिवसापासून हे सुट्टीला बाहेर पडेनासे झाले. खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचायचे, आणि कागद थरथरायला लागला की खाली ठेवून द्यायचे. मला हे बघवत नव्हतं. म्हणून एक दिवस मी सरळ म्हटलं, "जुना बिघडलाय ना? मग नवा आणू." यावर त्यांना नाही म्हणता येईना.

"कुणासाठी घेताय?" टायवाल्याने विचारलं.

"नवऱ्यासाठी. जुना बिघडलाय." मी चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही.

त्याने आधी एक लांब झूमचा कॅमेरा पुढे केला होता. "याची खासियत बघा. समोरच्या इमारतीतल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येतील."

"मोजून काय करू? शिवून द्यायची आहेत?"

शिवाय झूम जितका लांब, तितकी थरथर मोठी होऊन दिसणार. तो बाद. दुसरा देखणा होता, खिशात मावेल असा. सेन्सर मोठा, लेन्स झकास, पण डोळा लावायची खिडकीच नाही. म्हणजे हात लांब करून पडद्यात बघत बसायचं. लांब केलेला हात कुणाचाही हलतो, मग यांचा तर विचारायलाच नको. तोही बाद.

तिसरा टायवाल्याने जरा नाखुशीनेच काढला. "हा चांगला आहे, पण सगळ्यांना जमत नाही. लेन्स कायमची बसवलेली, बदलता येत नाही. झूमही नाही. माणूस मोठा हवा असेल तर आपणच जवळ जायचं."

"पाय ठणठणीत आहेत त्यांचे. जातील जवळ."

कॅमेरा वजनाला हलका, पण पोकळ वाटेल इतकाही नाही. खिडकीला डोळा लावला की तो कपाळावर टेकतो, म्हणजे दोन हातांना तिसरा आधार. आत थरथर सावरून घेणारी यंत्रणा. लेन्स रुंद, त्यामुळे थोडं हललं तरी खपून जातं. आणि बटण दोन टप्प्यांचं: अर्धं दाबलं की तयारी, पूर्ण दाबलं की फोटो. आमच्या एक्स-रेच्या मशीनचं बटणही असंच होतं. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

शटरचा वेग सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणून मी हात हलवत दहा फोटो काढले. सात स्वच्छ आले. घड्याळाच्या आकड्यांच्या कडा अगदी हाडासारख्या.

"हाच द्या," मी म्हटलं.

"आवडला नाही तर सात दिवसांत परत आणा," तो म्हणाला. मग पावती फाडताना म्हणाला, "पण मॅडम, इतकी वर्षं विकतोय, असा निवडताना कुणाला पाहिलं नाही."

घरी खोका उघडताना यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पट्टा ओवला, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, लेन्सवरची कडी फिरवून कान देऊन आवाज ऐकला. "झूम नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरंच झालं. झूमने माणूस आळशी होतो."

मी खूश झाले, आणि तिथेच माझं डोकं फिरलं असावं. इस्पितळात पेशंटचा हात-पाय स्थिर राहावा म्हणून आम्ही वाळूच्या पिशव्या लावायचो. तशी एक छोटी पिशवी मी निळ्या कापडाची शिवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीच्या हातावर ठेवून म्हटलं, "यावर कोपर टेकवा."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कोपर टेकवलं. मी समोर स्टुलावर बसले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बोट बटणावर गेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हलू नका!"

तेहतीस वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा म्हटले असतील! पण ते नेहमी समोरच्या पेशंटला. इथे समोर मी होते, आणि म्हटलं ते कॅमेरा धरणाऱ्याला.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"कॅमेरा बिघडला नव्हता, हे तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी ते फोटो पाहिले होते. मला कळणार नाही का?"

"आणि मी सव्वा वर्ष तुझ्यासमोर नाटक करत बसलो." ते उठले. कॅमेरा टेबलावर ठेवला. "मी काय पेशंट आहे का गं तुझा?"

त्यानंतर दोन दिवस आम्ही मिठाला अन् भाजीला लागेल तेवढंच बोललो. माझा मलाच इतका राग आला होता की मी ती पिशवी उसवून वाळू कुंडीत ओतली. सगळं आयुष्य लोकांना स्थिर ठेवण्यात गेलं, पण ज्याला ते जमत नाही त्याच्याशी कसं वागायचं, हे मला येत नव्हतं. मला वाटत होतं की मला सगळं येतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा खोक्यात घातला आणि पायांत चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"परत करायला. अजून मुदत आहे."

ते वर्तमानपत्राआड होते. कागद हलत होता, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही. "चांगला आहे का?" त्यांनी विचारलं.

"दुकानातला सगळ्यात चांगला. मी स्वतः हात हलवून फोटो काढलेत त्याने. दहातले सात आले."

वर्तमानपत्र खाली आलं. "हात हलवून म्हणजे?"

"तुमच्यासारखा."

आता आणखी काही झालं तरी चालेल, असं मनाशी म्हणून मी तिथेच उभी राहिले.

"दाखव करून."

मी खोका खाली ठेवला, हात पुढे केला आणि हलवला. मनगटापासून पुढे, सेकंदाला पाच-सहा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. नकाशा तपासायला आला की असेच मान वाकडी करून बघायचे.

"चुकतंय तुझं," ते म्हणाले. "आधी अंगठा सुरू होतो. मग बाकीचा हात." आणि त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरून दाखवला.

खरंच, अंगठाच आधी हलत होता. इतके दिवस समोर बसून मला ते दिसलं नव्हतं. आम्ही दोघं दारात हात पुढे करून उभे होतो, आणि आधी त्यांना हसू आलं, मग मला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते हसण्याचं आहे असं मी ठरवून टाकलं.

त्यांनी खोक्यातून कॅमेरा काढून गळ्यात अडकवला. "येतो जाऊन," म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

दार लावताना लक्षात आलं, जास्तीची बॅटरी चार्जरलाच राहिली आहे. ती घेऊन मी मागोमाग निघाले. आमच्या जिन्याच्या तोंडाशी एक चाव्या करणारा बसतो. शेवटच्या वळणावर मला यांचा आवाज ऐकू आला आणि मी थांबले.

"तुमचा फोटो काढू का, काम करताना?"

"माझा? कशाला हो साहेब?"

"काम छान करता. बघत असतो मी येता-जाता. पण थोडा वेळ लागेल. माझा हात हलतो."

एखाद्याने आपलं गाव सांगावं, इतक्या साधेपणाने ते म्हणाले. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. हे वाक्य सव्वा वर्ष आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा ऐकायचा मान चावीवाल्याला मिळाला.

"लागू द्या की," चावीवाला म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

मी बॅटरी मुठीत धरून दोन पायऱ्या वर सरकले, म्हणजे सावलीसुद्धा खाली पडणार नाही. कानशीचा आवाज सुरू झाला. मग बटणाचा. मग फोटो मोठा करून पाहतानाची बारीक टिकटिक.

"हलला हा," हे म्हणाले. "आणखी एक घेतो."

"घ्या," चावीवाला म्हणाला आणि पुन्हा कानस चालवायला लागला, पहिल्यापेक्षा जरा सावकाश.