घड्याळजींचं मत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक मैदान डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. कडेला गवत हिरवं, पण दोन्ही गोलांसमोर पार झिजून माती दिसायला लागलेलं. एका बाजूला सिमेंटच्या नऊ पायऱ्या, आणि त्यांवर माणसं इतकी दाटीवाटीनं बसलेली की एकाला शिंक आली तर अख्खी रांग हलावी. सगळ्यांत खालच्या पायरीवर दहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. समोर फुटबॉलचा सामना रंगात आलाय, पण तिचं तिकडे लक्ष नाही. ती शेजारी बसलेल्या आजोबांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघते आहे. तिचे तळहात घामानं ओले झाले आहेत.

दिसली का? मग आता डोळे उघडा, आणि एका पेन्सिलीची तिला एवढी भीती का वाटत होती ते ऐका.

तिचे आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आले होते. डोळ्याला भिंग लावायचं आणि कुठलं चाक कुठे अडतंय ते शोधून काढायचं, हा त्यांचा धंदा. गाव त्यांना घड्याळजी म्हणे. फुटबॉलही ते तसाच बघत. कुणाचं कितव्या मिनिटाला काय चुकलं, ते सगळं त्यांच्या वहीत उतरत असे.

त्या मैदानाची एक रीत होती. सामना संपला की घरचे खेळाडू लगेच आत जात नसत. मधल्या रेषेवर ओळीनं उभे राहत, आणि घड्याळजी माइकवरून आपलं मत सांगत. खेळाडूंनी उलट उत्तर द्यायचं नाही, लोकांनी मध्ये तोंड घालायचं नाही. आणि जे लिहिलंय ते सगळं वाचायचं, एक शब्द गाळायचा नाही. हा शेवटचा नियम घड्याळजींचा स्वतःचा. संघ जिंकत होता तोवर सगळी गंमतच होती. ज्याचे कान उपटले जात, तोसुद्धा हसत घरी जाई.

दोन वर्षांपूर्वी घड्याळजींच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज अगदी बारीक होऊन गेला. तेव्हापासून मत लिहायचे आजोबा, आणि वाचायची नात. तिचा आवाज असा खणखणीत, की तिच्या मामानं तिचं नावच भोंगा ठेवलं होतं. मामा म्हणजे घड्याळजींचा धाकटा मुलगा. आठवडाभर सुतारकाम करायचा आणि रविवारी संघाचा गोली म्हणून गोलात उभा राहायचा.

यंदा मात्र संघाचं काही खरं नव्हतं. एकोणीस सामने झाले होते, त्यातले बारा हरलेले. भोंगा दर वेळी वाचत होती. "आपली बचाव फळी बागेतल्या बाकासारखी आहे. समोरचे येतात, वळसा घालतात आणि पुढे जातात." किंवा, "प्रशिक्षक दर रविवारी नवी रचना आणतात. ती खेळाडूंना सोमवारी कळते." लोक हसत. पण सामन्यागणिक ते हसणं बदलत चाललं होतं. त्यात दात दिसायला लागले होते.

मग न्हाव्याचं ते प्रकरण झालं. उजव्या बाजूनं धावणारा खेळाडू पेशानं न्हावी. त्याचा गुडघा सुजला म्हणून तो दोन सामने खेळला नाही, आणि दोन्ही सामने संघ हरला. घड्याळजींनी लिहिलं, "गुडघा दुखतो म्हणून घरी बसणाऱ्याला संघानं एक पाळणा पाठवून द्यावा." भोंगानं हे वाक्य घोळवून वाचलं. 'एक' म्हणून झाल्यावर ती मुद्दाम थांबली, आणि मग म्हणाली, 'पाळणा.' पायऱ्या हसून हसून लोळल्या. दोन वर्षांत तिला एवढा हशा कधी मिळाला नव्हता. त्या दिवशी ती घरी उड्या मारतच गेली.

सोमवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानाची काच फुटलेली होती आणि शटरवर लाल रंगानं एक भलामोठा पाळणा काढलेला होता. आठवड्याभरात त्यानं दुकान आवरलं. शाळेत जाताना भोंगानं पाहिलं. तो आणि त्याची बायको केस कापायची खुर्ची हातगाडीवर चढवत होते आणि तो एक पाय ओढत चालत होता. त्याची नजर तिच्याकडे गेली.

"मी कुणाला दगड मारायला सांगितलं नव्हतं," घड्याळजी जेवताना म्हणाले. कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले. ते खरंही होतं.

आता शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी संघ गटात टिकणार होता, हरला तर खालच्या गटात जाणार होता. त्याआधीच्या गुरुवारी आईनं भोंगाला मामाचा डबा द्यायला कारखान्यात पाठवलं. बघते तर मामा बादलीतल्या पाण्यात उजवा हात बुडवून बसलेला. दाराची चौकट घसरून हातावर आली होती. मधली दोन बोटं गाजराएवढी सुजली होती आणि काळीनिळी पडली होती.

"मामा!"

"ओरडू नकोस गं. तू ओरडलीस की सगळ्या गावाला बातमी."

"आईला सांगते. डॉक्टरकडे चल."

"डॉक्टर प्लास्टर घालतील. प्लास्टर घातलेला गोली बघितलायस कधी?"

"मग दुसऱ्याला खेळवा."

"दुसरा कोण? तो बसचालक? त्याला एकदा वाकवला की सरळ करायला दोन माणसं लागतात."

एरवी ती हसली असती. "निदान आजोबांना तरी सांग," ती म्हणाली.

मामानं हात बादलीतून काढला आणि बराच वेळ फडक्यानं टिपत राहिला. "त्यांना सांगितलं तर ते लिहितील. स्वतःचा मुलगा म्हणून सोडायचे नाहीत, उलट दोन ओळी जास्तच. आणि लिहिलं की वाचणार तू. त्या न्हाव्याचं वाचलंस तेव्हा मी ओळीतच होतो ना. हसलोसुद्धा होतो." मग तो हळूच म्हणाला, "माझं तसलं काही तुझ्या तोंडून ऐकायचं नाहीये मला. कुणाला बोलू नकोस. शपथ घे."

तिनं शपथ घेतली. डबा तिथेच ठेवून ती घरी आली.

आणि म्हणून रविवारी ती चेंडूकडे बघत नव्हती.

हाफटाइमला आपला संघ एका गोलानं पुढे होता. पायऱ्यांवर गाणी चालू होती. पण मामा आत जाताना हातमोजे न काढताच गेला. पाण्याची बाटली त्यानं डाव्या हातानं धरली आणि झाकण दातांनी उघडलं. हे नऊ पायऱ्यांवरच्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. चाकातला केसाएवढा अडथळा ओळखणाऱ्या घड्याळजींच्याही नाही. ते पेन्सिलीला टोक करत होते.

बासष्टाव्या मिनिटाला समोरच्यांनी बरोबरी साधली आणि गाणी थांबली.

"आज जर हरलो ना," मागून नळदुरुस्तीवाल्याचा आवाज आला, "तर एकेकाच्या घरी जाऊन विचारतो."

"विचारायचं काय त्यात?" दुसरा कुणीतरी म्हणाला. "न्हाव्याला कुठे काय विचारलं होतं?"

दोघेही हसले. भोंगानं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं. नळवाल्याच्या पायाशी एक पिशवी होती. पिशवीतून रंगाच्या डब्याची कड दिसत होती, लाल ओघळ वाळलेली.

"आजोबा," ती म्हणाली. तिचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आजोबा, मामाचं ना..."

"मध्ये बोलू नकोस, बाळ. एकाहत्तरावं मिनिट आहे."

"पण आजोबा, मामाच्या..."

"नंतर!"

शपथ मोडायचं धैर्य तिनं एवढ्या कष्टानं गोळा केलं होतं. ते तेवढ्यात सांडलं.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्या एका दमलेल्या खेळाडूनं लांबून एक फटका मारला. त्यात काही दम नव्हता. चेंडू टप्पे खात, जणू वाट विचारत विचारत गोलाकडे आला. मामानं असे हजार चेंडू धरले असतील. त्यानं वाकून दोन्ही हात पुढे केले, चेंडू हातात आला, आणि उजवा हात जसाच्या तसा उघडला. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून रेषेच्या आत गेला. जाळीपर्यंत पोहोचलासुद्धा नाही.

एवढ्या माणसांचं मैदान, पण रेफरीची शिट्टी सोडली तर एक आवाज नाही. नाही म्हणायला, भोंगाच्या शेजारी कागदावर पेन्सिल चालत होती. खर्र, खर्र, खर्र.

सामना संपला. खेळाडू मधल्या रेषेवर उभे राहिले. मामा ओळीच्या अगदी टोकाला होता, उजवा हात पाठीमागे घेऊन. घड्याळजींनी वहीचं पान फाडलं, दोन घड्या घालून नातीच्या हातात दिलं.

"सगळं वाच," ते त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले. "एक शब्द गाळू नकोस. माझा मुलगा आहे म्हणून तर मुळीच नाही."

माइकपर्यंत पंचवीस पावलं होती. चालता चालता तिनं कागद उघडला, आणि पुढची पावलं तिला मोजता आली नाहीत.

लाउडस्पीकर सांभाळणाऱ्या वायरमननं माइक तिच्या हातात दिला. तिनं वर पाहिलं. नऊच्या नऊ पायऱ्या तिच्याकडे बघत होत्या. कुणीच बसलेलं नव्हतं. कागद गिळून टाकावा, पळत घरी जावं, चक्कर आल्याचं सोंग करावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी तिनं वाचायला सुरुवात केली.

"घड्याळजींचं मत. सत्त्याऐंशीव्या मिनिटाचा गोल लहान मुलानंही अडवला असता. गोली माझा मुलगा आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. संघ आज खालच्या गटात गेला तो त्याच्या हातून. चेंडूला घाबरणाऱ्यानं गोलात उभं राहू नये."

ती कुठेही थांबली नाही. एकही शब्द तिनं घोळवला नाही. तरी वरच्या पायऱ्यांवरून एक घुरघुर सुरू झाली आणि पायरी पायरीनं खाली यायला लागली. नळवाल्यानं वाकून पिशवी उचलली. ओळीतले खेळाडू मामापासून कळत नकळत एकेक पाऊल बाजूला सरकले. मामा खाली गवताकडे बघत होता.

वायरमननं माइक परत घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"हे आजोबांचं झालं," ती म्हणाली. लाउडस्पीकरमधून तिचा श्वास सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. "आता माझं आहे. कागदावर नाहीये."

"ए पोरी, बाजूला हो!" कुणीतरी ओरडलं.

"मामाची दोन बोटं गुरुवारीच मोडलीत. हात उघडला तो त्यामुळे. मला माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही, कारण न्हाव्याच्या दुकानाचं काय झालं ते त्यानं बघितलं होतं. काच तुमच्यातल्या कुणीतरी फोडली. पण पाळण्याचं मी वाचलं होतं. तुम्ही हसावं म्हणून मी मध्ये थांबले होते." तिला रडू येत होतं, पण तिनं ते तसंच पुढे ढकललं. "आणि आजोबा, मी तुम्हाला एकाहत्तराव्या मिनिटाला सांगत होते."

खालच्या पायरीवर घड्याळजी उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण एवढ्या अंतरावरून तो आवाज पोहोचणं शक्य नव्हतं. त्यांच्या मागे माणसं उतरत होती. ती मारायला येत होती की नुसतीच येत होती, हे तिला कळत नव्हतं.

तिनं माइक गवतावर ठेवला. मग ती घराच्या दिशेनं गेली नाही, आजोबांकडेही गेली नाही. ती मधल्या रेषेवर गेली, मामाच्या शेजारी रिकाम्या झालेल्या जागेत शिरली आणि खाली येणाऱ्या माणसांकडे तोंड करून उभी राहिली.