दुसरी ताई

कपड्यांच्या त्या दुकानात तिला सगळेच ताई म्हणत. मॅनेजर ताई म्हणे, झाडूवाला ताई म्हणे, आणि तिची सख्खी धाकटी बहीण, जिला तिनेच तिथे चिकटवलं होतं, तीही अर्थात ताईच म्हणे. बायकांच्या विभागात ट्रायल रूमच्या दाराशी ताईचं राज्य होतं. नुसतं बघायला आलेलं गिऱ्हाईकही ती बोलण्यात असं गुंगवी, की बाई पिशवी घेऊनच बाहेर पडे. आईच्या मागे धाकटीला वाढवता वाढवता ताईचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. दिवसभर बोलायला माणसं मिळत, त्यावर तिचं बरं चाललं होतं.

मग बंदराला फ्रेंच बोलणाऱ्या प्रवाशांची जहाजं लागू लागली आणि मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. ज्याला दुकानापुरती फ्रेंच येईल तो पुढे राहील. बाकीच्यांनी वर माळ्यावर इस्त्र्या करायच्या आणि घड्या घालायच्या. तोंडी परीक्षा ठरली.

"माळ्यावर बोलायला कोण असतं गं?" ताईने विचारलं.

"खोकी," धाकटी म्हणाली.

 ताई लगेच शिकायला बसली.

धाकटी फोनवर ऐकून भराभर शिके आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात ताईला शिकवी. खांद्यावर टॉवेल टाकून स्वतः गिऱ्हाईक होई. नमस्काराला बोंझूर, आभाराला मेर्सी, एवढं ताईने गिळलं. 'झ स्वी देझोले', म्हणजे माफ करा, हे तर तिला फारच आवडलं. दूध उतू गेलं तरी ती तेच म्हणू लागली. गाडी अडली ती मापापाशी.

"मापाला ताय म्हणतात," धाकटी म्हणाली. "हे तरी विसरू नकोस, तुझंच नाव आहे. व्हूझाव्हे ऊन ओत्र ताय? म्हणजे, दुसरं माप आहे का?"

"म्हणजे दुसरी ताई आहे का!"

"हो. मग काय सांगशील?"

"सांगेन, एकच आहे हो बाई, तीही वापरलेली."

दोघी पोट धरधरून हसल्या. हसता हसता शब्द पाठ झाला खरा, पण तो माप म्हणून डोक्यात शिरलाच नाही.

परीक्षा घ्यायला जहाजांच्या कंपनीने एक मुलगी पाठवली होती, धाकटीच्याच वयाची. सगळा स्टाफ भिंतीला टेकून उभा. ताईचं बोंझूर झकास झालं. मग त्या मुलीने एक झगा अंगाला लावला, मान कलती केली आणि लाडिक आवाजात काहीतरी लांबलचक, भरभर विचारलं. ताईच्या हाती वाक्याचं शेपूट तेवढं लागलं.

"...ताय?"

"काय गं?" ताई म्हणाली.

एक क्षण कुणाला कळेना. मग असा काही हशा पिकला, की मॅनेजरने डोळे पुसले. धाकटीलाही हसू आवरलं नाही. ताईने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यातली होती नव्हती ती सगळी फ्रेंच पुसली गेली. मुलीने तोच प्रश्न सावकाश विचारला. ताईपाशी एकच वाक्य उरलं होतं.

"झ स्वी देझोले."

"उच्चार छान आहे हं तुमचा," मुलगी म्हणाली, आणि तिने ताईला नापास केलं.

धाकटी पास झाली. ताईच्या जागी, ट्रायल रूमच्या दाराशी, तिलाच उभं केलं.

"मी पण वर येते हवं तर," ती रडवेली होऊन म्हणाली.

"शहाणीच आहेस," ताई म्हणाली. "एकीने तरी माणसांत राहावं."

माळ्यावर खोकी होती, इस्त्रीची वाफ होती, आणि कपडे खाली सोडायला जमिनीत एक चौकोनी झरोका होता. त्यातून धाकटीचा आवाज वर येई. "केल ताय?" म्हणजे कुठलं माप? ताई हातातली इस्त्री ठेवून झरोक्याशी धावे. "काय गं?" खालची गिऱ्हाईकं दचकून छताकडे बघत.

"तुला नाही गं ताई," पहिल्यांदा धाकटी हसून म्हणाली. पुढे हसणं संपलं. "ताई, तू ओ देत जाऊ नकोस ना. मॅनेजर बोलतात मला."

ताईने ओ देणं सोडलं. सुरुवातीला तिला दात आवळून धरावे लागत. हाक आली की पाय आपोआप उचले, आणि ती तो पुन्हा खाली टेकवी. मग हळूहळू पायही उचलेनासा झाला. जो शब्द परीक्षेत माप झाला नाही, तो आता पक्का माप झाला.

एका संध्याकाळी ताई घरी भांडी पुसत होती. आतल्या खोलीतून धाकटीने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी ती घाबरून दारात आली.

"ताई! बरं नाही का तुला? कधीची हाका मारतेय."

"मला होय?" ताई म्हणाली. "मला वाटलं, माप विचारतेस."

धाकटीला वाटलं, ताई आता हसेल. ताई पातेलं पुसत राहिली.