मेणातले बुडबुडे

मित्रांनो, मी एक जुना, जळका ट्रान्सफॉर्मर आहे. सध्या दार अडवायच्या कामी येतो. घरातली माणसे मला ठोकळा म्हणतात. पण एके काळी माझ्या जोरावर एका गिऱ्हाइकाच्या दुकानावरची काचेच्या नळ्यांची पाटी लाल-निळी उजळत असे.

माझा जन्म कारखान्यात नव्हे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मालक अशा पाट्या बनवणारा. त्याचे सगळेच उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. केसासारखी बारीक तार गुंडाळायला बसला आणि ती पुन्हा पुन्हा तोडत राहिला. शेवटी वैतागून बायकोला म्हणाला, "तू बस. हा नीट चालला तर दुकानात तुझंही टेबल मांडतो." तिला तेच तर हवे होते.

तिने मला शिलाई मशीनच्या हँडलला जोडले. एका हाताने फिरवायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. प्रत्येक थरावर कागद, आणि कडेला बोटभर मोकळी जागा, म्हणजे ठिणगी एका थरातून दुसऱ्यात उडत नाही. भाजी करपली तरी ती थर अर्धा टाकून उठत नसे. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी हात लावला नाही.

मग मला वितळलेल्या मेणात बुडवले. आतली ओल बुडबुड्यांवाटे बाहेर पडते, आणि ते थांबेपर्यंत आपण थांबायचे असते. पण दारात गिऱ्हाईक ताटकळत होते.

"अहो, अजून बुडबुडे येतायत," ती म्हणाली. "राहू द्या जरा."

"तुला काय कळतं त्यातलं?" म्हणत त्याने मला बाहेर काढलेच.

पाटी उजळली. लोक वाहवा करू लागले. "घरी, हाताने गुंडाळलाय," मालक सांगे. कोणाच्या हाताने, ते त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. तिने टेबलाचा विषय काढला की म्हणे, "बघू." पुढे दमट हवा सुरू झाली आणि पोटात राहिलेल्या ओलीने घात केला. मी आतून जळालो. त्या दिवशी मात्र त्याला सगळे आठवले. "बायकोने गुंडाळला होता," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. टेबल राहिलेच.

मला त्याचा राग येतो. त्याहून वाईट याचे वाटते, की आता तिलाही खरे वाटू लागले आहे. झाडताना मला सरकवते आणि पुटपुटते, "माझाच हात चुकला असेल."

मित्रांनो, वस्तू जपा, असे आम्ही जुन्या वस्तू नेहमीच सांगतो. माझे मागणे वेगळे आहे. मला भंगारात द्याल, त्याआधी एकदा तिच्यादेखत उलगडा. एका जागी काळे भोक सापडेल, ते ओलीचे. बाकी तिचे थर अजून तसेच सरळ आहेत.