टोपांचं दुकान

दुकानावर पाटी लागली आणि पहिल्याच दिवशी एक बाई आत येऊन म्हणाल्या, घरी पाहुणे यायचेत, पंधरावीस माणसांचा भात होईल असा टोप दाखवा. धाकटीनं त्यांना समजावलं की इथे डोक्यावर घालायचे टोप मिळतात, केसांचे. बाईंनी खिडकीतल्या लाकडी डोक्यांकडे एकदा बघितलं आणि ज्या गेल्या त्या पुन्हा त्या बाजूला फिरकल्या नाहीत. आता यात त्यांची तरी काय चूक? पाटीवर ‘येथे टोप करून मिळतील’ एवढंच होतं, आणि स्वयंपाकाच्या भांड्याला आणि खोट्या केसांना भाषेनंच एक शब्द देऊन ठेवलाय, त्याला धाकटी काय करणार! पण ही गंमत ताईच्या कानावर गेलीच. असल्या गोष्टींना पाय फुटतात. ताईनं शेजारणीबरोबर निरोप धाडला, भांडीच ठेव म्हणावं, निदान खपतील.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका. धाकटीला तीच आई आणि तीच बाप. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती. ताईनं स्वतःचं पुढचं शिक्षण गुंडाळून ठेवलं, नोकरी धरली आणि हिला वाढवलं. लग्नाचा विषय कुणी काढला की ती उठून चहा ठेवायला जायची. रोज सकाळी धाकटीला पुढ्यात बसवून ती वेण्या घालायची, कंगव्याच्या टोकानं मधोमध भांग पाडायची. ‘हलू नकोस गं’ हे धाकटीनं इतक्यांदा ऐकलं होतं की शाळेत कुणी नाव विचारलं तर तेच सांगेल, असं ताई चिडवायची.

सुट्टीच्या दिवशी मात्र पाळी उलटायची. धाकटी स्टुलावर उभी राहून ताईचे केस विंचरत बसायची, अगदी भान हरपून. ताईचा पहिला पांढरा केस तिलाच सापडला, डाव्या कानाच्या वर. ताई तेव्हा ऐन तरुण होती. ती म्हणाली, उपट. मग ते काम धाकटीकडेच लागलं. कुठे नवा उगवलाय, कुठला राठ, कुठला पिवळट, सगळं तिच्या बोटांना पाठ झालं. शेवटी ताईच कंटाळून म्हणाली, राहू दे आता, नाहीतर टक्कल पडायचं.

हा केसांचा नाद काही सुटला नाही. धाकटी मोठी झाली, विमा कंपनीच्या कचेरीत खुर्चीवर बसली, तरी खिडकीपुढच्या रांगेत तिला माणसं कमी आणि डोकी जास्त दिसायची. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीचे केस आजारपणात गेले, तेव्हा हिनं नाटकवाल्यांचे टोप करणारा एक म्हातारा कारागीर गाठला आणि सुट्टीसुट्टीला त्याच्याकडे जाऊन काम शिकली. बारीक जाळीची टोपी लाकडी डोक्यावर ताणायची आणि आकड्याच्या सुईनं एकेक केस गाठ मारून ओवायचा. एकेक, हं! पाठीचा काटा ढिला होतो आणि डोळ्यांना धारा लागतात. धाकटीला मात्र त्या सुईशी बसलं की भूकतहान आठवायची नाही. सहकारिणीनं टोप घालून आरशात बघितलं आणि आपली ओळख पटल्यासारखी मान हलवली. त्याच महिन्यात धाकटीनं राजीनामा दिला.

ताई आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “मी जे जे सोडलं, ते तू हे करावंस म्हणून सोडलं का?”

धाकटी वेगळी राहायला गेली आणि दोघींत जो अबोला पडला तो पडलाच. दुकान हळूहळू चाललं. आजारातून उठलेल्या बायका यायच्या, रुमाल घट्ट बांधलेल्या, नजर चुकवणाऱ्या. टोप चढवून झाला की धाकटी काहीतरी आणायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जायची, म्हणजे त्यांना आरशापुढे मोकळेपणी रडता यावं. या कामात तिचा जीव रमला होता, अगदी भरून पावली होती ती. फक्त ताईनं एकदा उंबरा ओलांडून आत यावं, एवढंच राहिलं होतं.

आणि एका दुपारी ताई आली. डोक्याला रुमाल. धाकटीच्या हातातली सुई तशीच राहिली. आजार काय आहे आणि डॉक्टर किती आशा देतात हे ताईनं उभ्या उभ्याच सांगितलं, शाळेची सूचना वाचून दाखवावी तसं. आशा फारशी नव्हतीच. मग म्हणाली, टोप हवाय. धाकटीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, कसला?

“ज्यात काही शिजत नाही तो,” ताई म्हणाली आणि खुर्चीत बसली.

शाळेत तिच्या निरोपाचा समारंभ होता. आयुष्य त्या व्यासपीठावर गेलं, आता शेवटच्या दिवशी तिथे उभं राहून लोकांचं ‘अरेरे’ ऐकायची तिची तयारी नव्हती. टोप झाला तर ती जाणार होती, नाहीतर नाही. कुणाची दया नको, म्हणाली.

धाकटीनं जीव ओतला. जपून ठेवलेले उत्तम काळेभोर केस काढले, ताईचा कॉलेजातला फोटो समोर ठेवला आणि तस्सा टोप केला. इतका सुंदर टोप तिनं उभ्या जन्मात केला नव्हता. ताईनं तो घातला, आरशात बराच वेळ बघितलं. धाकटी मागच्या खोलीकडे वळली, तेवढ्यात ताईनं टोप काढून मांडीवर ठेवला.

“ही कोण? माझे केस उन्हानं पांढरे झाले नव्हते गं. एकेक कशापायी झाला ते मला ठाऊक आहे. माझे मला दे.”

केस उन्हानं पांढरे झाले नाहीत हे वाक्य ताई जन्मभर भांडणात धाकटीच्या तोंडावर फेकत आली होती, तिचं तोंड बंद करायला. ते खरंही असेल, हे तिच्या डोक्यात आज शिरलं. ताईनं तिच्यापायी काढलेली सगळी वर्षं तिनं काळ्या केसांखाली झाकून टाकली होती, जसं काही ते आयुष्य घडलंच नाही.

पण पांढरे केस आणायचे कुठून? ते ना कुणी विकतं ना कुणी घेतं. व्यापाऱ्याकडे येतात ते सगळे रंगवून. धाकटीनं स्वतःचा अंबाडा सोडला, स्टूल ओढून ताईच्या पुढ्यात बसली आणि कात्री आणि कंगवा मागे दिला. माझ्यातले काढ, म्हणाली, आता माझेही कमी नाहीत.

ताईनं केस हातात घेतले. कंगवा फिरू लागला.

“हलू नकोस गं,” ती म्हणाली.

एकेक पांढरा मुळाशी कापून ती टेबलावरच्या कागदावर ठेवत गेली. कपाळाजवळची एक बट सापडली तेव्हा तिनं विचारलं, ही केव्हाची? धाकटी म्हणाली, तू बोलायचं टाकलंस तेव्हाची. ताईचे हात थांबले. धाकटीला मागे वळून बघवेना.

“मला भीती वाटायची,” ताई म्हणाली. “तू उघड्यावर पडशील, आणि तेव्हा मी नसेन.” मग पुन्हा कंगवा हलला.

नवे पांढरे केस कुठे ओवायचे हे धाकटीला फोटोत बघावं लागलं नाही. पहिला डाव्या कानाच्या वर गेला. बाकीचे बोटांनी आपापल्या जागी नेले. फार नव्हते, पण पुरले. या खेपेला ताईनं आरशात बघितलं आणि डाव्या कानावर बोट ठेवलं. धाकटीला तेव्हा मागच्या खोलीत जायची गरज होती, ताईसाठी नव्हे, स्वतःसाठी.

समारंभात भाषणं झाली, हार झाले. शाळेचा म्हातारा कारकून कौतुकानं म्हणाला, बाई, तुमच्यात केसाइतकाही फरक नाही. ताईला हसू आवरेना. ती पुन्हा माइकसमोर गेली. शेवटच्या रांगेत बसलेली धाकटी खुर्चीच्या कडेला सरकली.

“हे केस माझे नाहीत,” ताई म्हणाली. “माझ्या धाकट्या बहिणीनं केलेत. तिचं टोपांचं दुकान आहे. भांड्यांचं नाही, केसांचं.” आणि दुकानाचा पत्ता तिनं सावकाश, दोनदा सांगितला, वर्गात उतरवून घ्यायला सांगायची तसा.

त्यानंतर ताई फार दिवस राहिली नाही. धाकटी दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. परिचारिकेनं विचारलं, लोक भेटायला येतील, रुमाल बांधू का? धाकटी म्हणाली, नको, मी करते. तिनं टोप चढवला, कडा नीट बसवल्या, कानावरचे पांढरे मोकळे केले आणि कंगव्याच्या टोकानं मधोमध भांग पाडायला घेतला. भांग वाकडा गेला. तिनं तो मोडून पुन्हा घेतला.

“हलू नकोस गं, ताई,” तिच्या तोंडून निघून गेलं.